अदृश्य रुळांवरचे विमान : ट्रेन सिम्युलेटरमधील विमाननिर्मितीची समीक्षा

बीजसंज्ञा : ट्रेन सिम्युलेटर, विमान-प्रतिकृती, लोकधर्मी, नाट्यधर्मी, औचित्य, नाममुद्रा, पुष्पिका.

प्रास्ताविक

आगगाडी चालविण्याचा अनुभव संगणकाच्या पडद्यावर देणाऱ्या खेळांना ‘ट्रेन सिम्युलेटर’ असे म्हटले जाते. या खेळांचे वैशिष्ट्य असे की, खेळणारा केवळ खेळत नाही, तर खेळात भरही घालतो. इंजिने, डबे, स्थानके, पूल, सिग्नल, झाडे यांच्या त्रिमितीय प्रतिकृती हौशी मंडळी स्वतः घडवितात आणि इतरांना बहुधा विनामूल्य वापरावयास देतात. या निर्मितीत विमानांचाही समावेश झालेला आहे. आगगाडीच्या खेळात विमान कशासाठी, हा प्रश्न प्रथमदर्शनी विनोदी वाटतो. तथापि प्रतिकृती म्हणजे काय, ती कोणत्या अर्थाने खरी असते आणि तिच्या कर्त्याने वाचक-प्रेक्षकाला काय सांगणे बंधनकारक आहे, हे समीक्षेचे जुनेच प्रश्न या छोट्याशा निर्मितीत लख्खपणे समोर येतात.

मराठीत संगणकीय खेळांची चर्चा प्रायः मुलांचे व्यसन आणि डोळ्यांचा नंबर या दोन मुद्द्यांपाशी थांबते. खेळासाठी घडविलेली वस्तू ही एक कृती आहे, तिला कर्ता आहे, रचना आहे, परंपरा आहे आणि म्हणून तिची समीक्षाही शक्य आहे, ही भूमिका क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात ती घेतली आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक परिमाण आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या अरुंद मार्गावर धावणारी ‘शकुंतला’ २०१० च्या दशकात बंद पडली. यवतमाळजवळील भारी येथे धावपट्टी आहे. मात्र तेथे नियमित प्रवासी विमानसेवा रुजली नाही. आणि याच जिल्ह्यातील महागाव तालुक्यात, फुलसावंगी येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना एका चोवीस वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. गाडी नाही, विमान नाही, परंतु दोन्हींची ओढ आहे, अशा प्रदेशात प्रतिकृतीचा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

खेळाच्या रचनेत विमान

ट्रेन सिम्युलेटरच्या इतिहासात २००१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील कुजू या संस्थेने तो तयार केला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील ऑरन या संस्थेचा ‘ट्रेन्झ’ आला. पहिल्यात अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रिया आणि जपान येथील मिळून सहा मार्ग होते. भारतातील एकही नव्हता. जे मूळ खेळात नव्हते ते भारतीय हौशी मंडळींनी स्वतः घडविले. पुढे २०१६ मध्ये चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हने ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ हा मोबाइलवरील खेळ आणला, तोपर्यंत भारतीय इंजिनांच्या प्रतिकृतींना हौशी निर्मितीची दीड दशकाची पार्श्वभूमी लाभलेली होती.

ही भर घालणे शक्य झाले ते खेळाच्या उघड्या रचनेमुळे. मायक्रोसॉफ्टच्या खेळात प्रत्येक इंजिनाची आणि डब्याची माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असे. वजन किती, चाकांचा व्यास किती, ब्रेक कोणता, हे कोणीही उघडून वाचू शके आणि बदलू शके. ट्रेन्झमध्येही प्रत्येक वस्तूसोबत ‘कॉन्फिग’ नावाची मजकुराची फाइल असते. वस्तूचे बाह्यरूप त्रिमितीय आराखड्यात असते. ती वस्तू खेळाच्या दृष्टीने काय आहे हे मात्र या फाइलीतील शब्दच ठरवितात. त्यातील एक नोंद वस्तूचा ‘प्रकार’ सांगते : देखावा, रूळ, रेल्वेवाहन, इत्यादी.

विमानाची अडचण नेमकी येथे सुरू होते. त्याला ‘देखावा’ म्हणून नोंदविले तर ते जागचे हलत नाही. ते हलवायचे असेल तर या जगात हलण्याचे जे मार्ग उपलब्ध आहेत, त्यांपैकी एक स्वीकारावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या खेळात रस्त्यावरून मोटारी सोडण्याची एक सोय होती. ठरलेल्या वाटेवर ठरलेल्या अंतराने मोटारी येत आणि पलीकडे नाहीशा होत. मोटारीच्या जागी दुसरी कोणतीही आकृती देता येई, हे ध्यानात आल्यावर कर्त्यांनी त्या वाटेवरून माणसे चालविली, नावा सोडल्या, विमानेही सोडली. ट्रेन्झमध्ये याहून धाडसी मार्ग आहे. तेथे विमानाला सरळ ‘रेल्वेवाहन’ म्हणून नोंदवावयाचे, डोळ्यांना न दिसणारा रूळ हवेत उंच अंथरावयाचा आणि त्यावरून ते चालवावयाचे.

रेल्वेवाहन म्हणून एकदा नोंद झाली की त्या नोंदीची सर्व बंधने अंगावर येतात. रेल्वेवाहनाला बोगी हवी, म्हणून विमानाच्या पोटाखाली पुढे-मागे दोन बिंदू निश्चित करून तेथे अदृश्य बोग्या बसवाव्या लागतात. वाहनाची दोन टोके कोठे संपतात हे सांगणारे आणखी दोन बिंदू द्यावे लागतात, कारण तेथे दुसरा डबा जोडला जाणार असतो. परिणामी विमानाच्या शेपटीला मालगाडीचा वाघिणीचा डबा बिनदिक्कत जोडता येतो, आणि तो हवेतून मागोमाग येतो! त्याला ओढण्याची शक्ती द्यायची तर एखाद्या इंजिनाच्या शक्तिविवरणाचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे पडद्यावर जेट दिसते, आत डिझेल इंजिनाची गणिते चालू असतात. अदृश्य रुळावर सिग्नल असल्यास विमान लाल दिव्यापाशी अधांतरी थांबते आणि दिवा हिरवा झाल्यावर पुन्हा निघते.

हे सर्व हास्यास्पद म्हणून सोडून देण्याजोगे नाही. विमान आणि आगगाडी यांच्यातील मूलभूत भेद या विसंगतींतून जितका स्पष्ट होतो, तितका भौतिकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातून क्वचितच होत असेल. गाडी वळते, कारण रूळ तिच्या चाकाच्या कडेला आत ढकलतो. विमानाला ढकलणारे असे काही नसते. ते कुशीवर कलते, त्यामुळे पंखांवरील उचलबळाचा काही भाग आडवा होतो आणि तो त्याला वळवितो. अदृश्य रुळावरील विमान मात्र न कलताच वळते. जाणकार डोळ्याला पहिली शंका येते ती येथेच. तसेच विमानाला वेग हाच आधार असतो. विशिष्ट वेगाखाली पंखांवरील प्रवाह तुटतो आणि ते कोसळू लागते. रुळावरील विमानाला अशी भीती नाही. कुशल कर्ते यावर उपाय योजतात. वळणापुरता कललेला रूळ अंथरतात, वळणाची त्रिज्या मोठी ठेवतात, वेगाची मर्यादा अशी लावतात की विमान संथ होऊच नये. म्हणजे जे विमानाच्या अंगी असावयास हवे ते ते वाटेच्या अंगी घालतात.

लोकधर्मी आणि नाट्यधर्मी

या निर्मितीची परीक्षा कोणत्या निकषावर करावयाची? सिम्युलेटरच्या क्षेत्रात ‘हुबेहूबपणा’ हा एकमेव निकष सर्रास वापरला जातो. तो येथे लावला तर ट्रेन सिम्युलेटरमधील प्रत्येक विमान नापास करावे लागेल, कारण त्यातील एकही उडत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील लोकधर्मी आणि नाट्यधर्मी हा भेद येथे अधिक उपयुक्त ठरतो. लोकव्यवहारात जसे घडते तसे दाखविणे ते लोकधर्मी. रंगमंचाच्या संकेतांनी सुचविणे ते नाट्यधर्मी. रथ, नौका, विमान यांतून होणारे गमन नटाने केवळ गतीने कसे सूचित करावे, याचाही विचार त्या ग्रंथात आहे. ट्रेन सिम्युलेटर हे वस्तुतः लोकधर्मी खेळाचे जग आहे. तेथे ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबावी यावर कर्ते महिनोन्‌महिने खर्च करतात. अशा जगात विमान तेवढे नाट्यधर्मी असते. ते उडण्याची ‘गती’ दाखविते, उडत नाही.

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’च्या सातव्या अंकाच्या प्रारंभी दुष्यंत आणि मातली इंद्राच्या रथातून आकाशमार्गाने उतरतात. रंगमंचावर काहीच वर-खाली होत नाही. पृथ्वी जवळ येत असल्याचे दुष्यंत बोलून दाखवितो, आणि रथ टेकला तेव्हा चाकांचा आवाजही झाला नाही, धूळही उडाली नाही, याची तो आश्चर्याने नोंद घेतो. उड्डाण घडते ते खालच्या भूमीच्या वर्णनातून. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात प्रथम सादर झाले तेव्हा त्यात पहिले चारच अंक होते. त्या रात्री मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला हे आकाशयान आले नाही. पुढे १९३६ मध्ये प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटात तुकोबांना वैकुंठाला नेणारे पक्ष्याच्या आकाराचे विमान पडद्यावर प्रत्यक्ष वर गेले. ते कशाच्या आधाराने वर गेले, हे विचारण्याचे त्या काळच्या प्रेक्षकाला कारण वाटले नसावे. देहूच्या माणसांचे वर वळलेले चेहरे विमानाइतकेच महत्त्वाचे होते.

ट्रेन सिम्युलेटरमधील विमानही खालून पाहिले जाते. खेळणारा इंजिनाच्या कॅबमध्ये बसलेला असतो. विमान त्याच्या खिडकीच्या एका कोपऱ्यातून जाते आणि काही सेकंदांत दिसेनासे होते. त्याच्या दृष्टीने विमानाचे कार्य उडणे हे नसून आकाशाला उंची देणे हे आहे. सिम्युलेटरमधील आकाश बहुधा रंगविलेल्या घुमटासारखे सपाट असते. त्यात एक हलता ठिपका आला की घुमट खोल होतो. हा परिणाम साधला तर ती कृती यशस्वी मानावी. उलट काही कर्ते विमानाच्या आत आसने, चालकाची काचपट्टी, चकाकते दट्टे यांची रचना करतात. यातील कारागिरी वाखाणण्याजोगी असली तरी ती चुकीच्या ठिकाणी खर्ची पडते. त्या कक्षातील एकही दट्टा उड्डाणाशी जोडलेला नसतो. फार तर तो इंजिनाचा भोंगा वाजवितो.

औचित्याचा प्रश्न

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून काव्याच्या प्रत्येक अंगाला स्थानाचा आणि योग्यतेचा निकष लावला. अलंकार सुंदर असला तरी अस्थानी असेल तर तो शोभत नाही. खेळातील विमानाबाबत हुबेहूबपणापेक्षा हा निकष अधिक नेमका आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गाची प्रतिकृती एखाद्या कर्त्याने करावयास घेतली, अशी कल्पना केल्यास त्याची कसोटी लगेच लागते.

हा मार्ग २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा. किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीने वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्यासाठी तो विसाव्या शतकाच्या आरंभी उभारला. यवतमाळहून दारव्हा, कारंजा अशा गावांतून तो मूर्तिजापूरला मुख्य लोहमार्गाला मिळतो. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेले झेड-डी जातीचे वाफेचे इंजिन या मार्गावर १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले. त्यानंतर डिझेल आले. आता कर्त्याने वाफेच्या इंजिनाचा काळ निवडला आणि आकाशात मात्र इंडिगोचे एटीआर विमान सोडले, तर ते कितीही रेखीव असले तरी अनुचितच ठरेल. त्या कंपनीकडे एटीआर आले ते २०१७ मध्ये. तेवीस वर्षांचे अंतर एकाच चौकटीत आल्याने दोन्ही वस्तू खोट्या पडतात. विमान आधुनिक दिसण्याऐवजी इंजिन खेळण्यातले दिसू लागते.

स्थलाचे औचित्य याहून सूक्ष्म आहे. भारीच्या धावपट्टीवर मोठे प्रवासी विमान उभे करण्याचा मोह कर्त्याला होणे स्वाभाविक आहे. मोकळी धावपट्टी दिसली की ती भरावी असे वाटते. २००९ मध्ये राज्य शासनाने नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद येथील विमानतळांसह ही धावपट्टी खाजगी कंपनीकडे दीर्घ मुदतीने सोपविली, तेव्हा जिल्ह्यानेही ती भरलेली पाहण्याची अपेक्षा केली होती. परंतु प्रतिकृतीत तेथे प्रवासी विमान उभे केले की, जे घडले नाही ते घडल्याची नोंद तयार होते. रिकामी धावपट्टी, कडेने वाढलेले गवत, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी हीच येथे योग्य रचना. याउलट निवडणुकीच्या दिवसांत गावाबाहेरील मैदानावर चुन्याने आखलेल्या वर्तुळात उतरलेले हेलिकॉप्टर, त्याभोवती दोरखंड आणि दोरखंडाबाहेर भाषणापेक्षा हेलिकॉप्टर पाहण्यासाठी जमलेली गर्दी, हे दृश्य विदर्भातील कोणत्याही तालुक्याला परिचित आहे. ते अचल ‘देखावा’ म्हणून ठेवता येते, त्याला बोगीही लागत नाही आणि खोटेपणाही लागत नाही.

आणि चालते विमान हवेच असेल तर? देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपूरवरून पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण हवाई मार्ग जातात. वऱ्हाडातील शेतात काम करणाऱ्या माणसाला विमान दिसते ते असे : अतिशय उंचावर, आवाज उशिरा पोहोचणारे, मागे पांढरी रेघ सोडणारे. या विमानाला पंखांवरचे खिळे लागत नाहीत, खिडक्या लागत नाहीत, कंपनीचा रंग लागत नाही. त्रिमितीय आराखड्यात चार-सहा पृष्ठभाग पुरे. अदृश्य रूळ सरळ असल्याने न कलता वळण्याचा दोषही उद्भवत नाही. कमीत कमी श्रमांची ही कृती या मार्गापुरती सर्वांत उचित ठरते.

वाटून घेणे : नाममुद्रा आणि पुष्पिका

विमान घडविणे हा या व्यवहाराचा अर्धा भाग होय. ते इतरांस देणे हा दुसरा. या दुसऱ्या भागाकडे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.

ट्रेन्झमधील प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. त्याचा पहिला भाग कर्त्याचा, दुसरा त्याच्या वस्तूचा. पुढील काळात आवृत्तीचा क्रमांकही त्यास जोडला गेला. वस्तू जगाच्या पाठीवर कोणाच्याही संगणकावर गेली तरी हा क्रमांक तिच्यासोबत राहतो. मराठी वाचकाला यात संतकाव्यातील नाममुद्रेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अभंग मुखोद्गत होऊन गावोगाव गेला, पाठभेद झाले, तरी शेवटच्या चरणातील नाव कर्त्याची खूण टिकवून धरते. नाममुद्रेतही प्रक्षेपाचा प्रश्न आहेच. दुसऱ्याच्या नावावर रचना खपविणारे तेव्हा होते. खेळाच्या जगात उलटा प्रकार अधिक. दुसऱ्याचे विमान घेऊन, वरचा रंग बदलून, आपल्या क्रमांकावर ते प्रसिद्ध करणारे असतात. मूळ आराखड्याची नक्कल न करता केवळ त्याचा निर्देश करून नवा रंग चढविण्याची प्रामाणिक सोयही खेळात आहे, आणि तिचा वापर करणारा कर्ता मूळ क्रमांक झाकू शकत नाही.

या परस्परावलंबनाचा आणखी एक परिणाम असा की, कोणतेही विमान एकट्याचे नसते. त्याची अदृश्य बोगी एकाची, आवाज दुसऱ्याचा, शक्तिविवरण तिसऱ्याचे. त्यांपैकी एक जरी वस्तू घेणाऱ्याच्या संगणकावर नसली तर खेळ ‘अवलंबित वस्तू उपलब्ध नाही’ असे कळवितो आणि विमान अपुरे राहते. म्हणजे ऋणनिर्देश टाळला तर कृती चालतच नाही. आपल्याकडील कित्येक शोधप्रबंधांना अशी व्यवस्था लागू केली तर काय होईल, याची कल्पना प्राध्यापकवर्गास सहज करता येईल.

विमानासोबत बहुधा एक छोटी निवेदनपर फाइलही दिलेली असते. तीत कर्त्याचे नाव, कोणत्या साधनाने वस्तू घडविली, कोणाकोणाचे साहाय्य झाले, ती विकू नये, परवानगीशिवाय अन्यत्र ठेवू नये, दोष आढळल्यास कळवावे, अशा गोष्टी असतात. हा मजकूर जुन्या पोथ्यांच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिकेच्या जातीचा आहे. तेथेही लेखनिक आपले नाव, स्थळ, शक, तिथी सांगतो, पोथी जपण्याची विनवणी करतो आणि दोष आपल्या माथी मारू नये असे सुचवितो. फरक एवढाच की पोथीचा लेखनिक दोषाबद्दल क्षमा मागतो, तर विमानाचा कर्ता दोष कळविण्याचे आवाहन करतो. या आवाहनाला प्रतिसाद येतो, ही या क्षेत्राची मोठी शक्ती होय. चाक जमिनीत रुतले आहे, पंखाची लांबी कमी आहे, दुरून पाहताना शेपूट नाहीशी होते, असे कोणी अनोळखी माणूस कळवितो आणि कर्ता सुधारलेली आवृत्ती काढतो.

साधनांचा इतिहासही येथे बोलका आहे. जीमॅक्स हे त्रिमितीय रचनेचे विनामूल्य साधन ट्रेन्झच्या कर्त्यांनी वापरले आणि तेच ‘फ्लाइट सिम्युलेटर २००२’च्या व्यावसायिक आवृत्तीसोबतही दिले गेले होते. एकाच ऐरणीवर आगगाडी आणि विमान दोन्ही घडत होती. २००५ मध्ये त्या साधनाचा विकास थांबविण्यात आला. कर्ते पुढे ब्लेंडरसारख्या मुक्त साधनाकडे वळले. मायक्रोसॉफ्टने आपल्या ट्रेन सिम्युलेटरची पुढील आवृत्ती दोनदा हाती घेऊन सोडून दिली. तरीही जुन्या फाइली वाचणारा ‘ओपन रेल्स’ हा मुक्त खेळ स्वयंसेवकांनी उभा केला. कंपन्यांनी सोडलेले काम वापरणाऱ्यांनी पुढे नेले, ते या वाटून घेण्याच्या सवयीमुळेच.

आकार आणि भार

येथवर या निर्मितीच्या बाजूने जे म्हटले आहे, त्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. ट्रेन सिम्युलेटर विमानाचा आकार तपासतो, भार तपासत नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील शकुन, रुक्म, सुंदर आणि त्रिपुर या विमानांचे आराखडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासले आणि ती उडण्यास असमर्थ असल्याचा निष्कर्ष काढला. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात अजूनही अभिमानाने सांगितली जाते. तिला पडताळता येईल असा तांत्रिक पुरावा नाही. तथापि त्या ग्रंथातील चारही विमाने ट्रेन सिम्युलेटरमध्ये आणली तर ती विनातक्रार ‘उडतील’. अदृश्य रूळ प्रत्येक आकाराला सारख्याच प्रेमाने उचलतो. आकार जुळला की विमान झाले, असा समज दृढ करण्याची शक्ती या खेळात आहे, आणि अशा समजाला आपल्याकडे आधीच पोषक वातावरण आहे.

फुलसावंगीच्या घटनेचा विचार या संदर्भात करावा लागतो. तो तरुण आठवीपर्यंत शिकलेला आणि वेल्डिंगच्या कामात तरबेज होता. इंटरनेटवरील चित्रफिती पाहून, मारुती ८०० मोटारीचे इंजिन वापरून, सुमारे दोन वर्षे खपून त्याने हेलिकॉप्टर उभे केले. चाचणीच्या वेळी मागील पंख्याचे पाते तुटले, ते मुख्य पंख्यावर आदळले आणि त्या आघातात त्याच्या डोक्याला प्राणघातक इजा झाली. वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन सिनेमातील नायकाच्या चालीवर केले. त्याच्या कारागिरीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आकाराचे ज्ञान त्याला निश्चितच होते. अभाव होता तो भाराच्या ज्ञानाचा, आणि त्याहून अधिक, आराखडा उघडून पाहून ‘हे पाते धरणार नाही’ असे सांगणाऱ्या दुसऱ्या माणसाचा.

त्याला ट्रेन सिम्युलेटर मिळाला असता तर तो वाचला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या खेळात त्याचे हेलिकॉप्टर पहिल्याच प्रयत्नात वर गेले असते आणि त्याचा विश्वास अकारण वाढला असता. ‘फ्लाइटगिअर’ हा मुक्त खेळ किंवा ‘एक्स-प्लेन’ यांत उड्डाण प्रत्यक्ष गणिताने घडते; ‘एक्स-प्लेन’ तर पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावरील बळ मोजतो. तेथे चुकीचे विमान कोसळते आणि माणूस खुर्चीतच राहतो. परंतु तेथेही घरी घातलेला वेल्डिंगचा सांधा किती कंपने सहन करील हे कळत नाही. ते सांगणारी चाचणी प्रयोगशाळेत, धातूच्या प्रत्यक्ष तुकड्यावर, माणूस दूर उभा ठेवून करावी लागते. यवतमाळ येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षणही उपलब्ध आहे. मात्र प्रवेश न घेतलेल्या, आठवीत शाळा सुटलेल्या कारागिराने आपला आराखडा घेऊन ज्या दारात जावे, ते दार कोणते, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेत कोठेही लिहिलेले नाही. अनोळखी माणसाचे विमान उघडून त्याच्या चुका कळविणारे लोक खेळाच्या जगात आहेत आणि ते त्याबद्दल काही मागत नाहीत. ही तुलना महाविद्यालयांना सुखावह नाही.

म्हणूनच विमानासोबतच्या निवेदनात काय लिहिले आहे, हा समीक्षेच्या दृष्टीने दुय्यम मुद्दा राहत नाही. काही कर्ते तेथे ‘वास्तव उड्डाण’ असे लिहितात. काही मात्र सरळ सांगतात की, हे वाहन रुळावर चालते, त्यासोबत अमुक अदृश्य रूळ वापरावा, वेग अमुक ठेवावा, वळण अमुक त्रिज्येपेक्षा लहान घेऊ नये, अन्यथा ते विमानासारखे दिसणार नाही. पहिल्या प्रकारच्या विमानात पंखांवरचे खिळेही मोजून घेता येतात, दुसऱ्या प्रकारचे कित्येकदा ओबडधोबड असते. तरीही संग्रहात ठेवण्याजोगे आणि विद्यार्थ्यांपुढे उदाहरण म्हणून मांडण्याजोगे विमान दुसरेच आहे, कारण आपल्याखाली रूळ आहे हे ते लपवीत नाही.